लुई लेपीन : रस्त्याला शिस्त लावणारा माणूस

परगावच्या स्थानकावर किंवा विमानतळावर उतरलेला प्रवासी आणि बाहेर उभा असलेला टॅक्सीचालक यांच्यात पहिले बोलणे होते ते बहुधा भाड्याचे. गोव्यात हे बोलणे किती कडवट होऊ शकते, हे येथील वाचकांना सांगावयास नको. टॅक्सीला मीटर असावा की नसावा, असल्यास त्याचा दर कोणी ठरवावा, या प्रश्नांवर राज्यात वर्षानुवर्षे वाद झाले, आंदोलने झाली आणि प्रकरण उच्च न्यायालयापर्यंत गेले. दोन्ही बाजूंना हा वाद आपला, आजचा आणि येथलाच वाटतो. वस्तुतः त्याचे वय शंभर वर्षांहून अधिक आहे. मोटारगाडी जगात नुकतीच अवतरली होती, तेव्हाच एका शहराच्या पोलीसप्रमुखासमोर हे सारे प्रश्न एकामागून एक उभे राहिले. ते शहर पॅरिस आणि तो अधिकारी लुई लेपीन.

वाहन चालवण्यापूर्वी माणसाने आपली योग्यता सिद्ध केली पाहिजे, वाहनाला ओळखता येईल असा क्रमांक असला पाहिजे आणि रस्त्यावरच्या वेगाला मर्यादा असली पाहिजे, हे आज आपल्याला इतके स्वाभाविक वाटते की, हे कोणाला तरी प्रथम सुचावे लागले असेल असा विचारही मनात येत नाही. लेपीनने हे नियम केले ते मोटारगाड्यांचा सुळसुळाट झाल्यावर नव्हे, तर त्या रस्त्यावर क्वचितच दिसत होत्या तेव्हा. संकट दारात येऊन उभे राहण्यापूर्वी त्याची चाहूल घेणारा प्रशासक विरळाच. लेपीन तसा होता. त्याच्या नियमांचे मोल आणि त्या नियमांच्या मर्यादा, दोन्ही त्याच्या चरित्रात स्पष्ट दिसतात.

लुई लेपीनचा जन्म ६ ऑगस्ट १८४६ रोजी फ्रान्समधील लियॉं येथे झाला. घरात विद्येचे वातावरण होते. त्याचा थोरला भाऊ राफाएल पुढे नामवंत शरीरविज्ञान-संशोधक झाला आणि मधुमेह व स्वादुपिंड यांच्या संबंधावरील अभ्यासासाठी ओळखला गेला. लुईने मात्र कायद्याची वाट धरली. लियॉं, पॅरिस आणि जर्मनीतील हायडेलबर्ग येथे त्याचे शिक्षण झाले. १८७० साली फ्रान्स आणि प्रशिया यांच्यात युद्ध पेटले, तेव्हा तो तेवीस वर्षांचा होता. पूर्वेकडील बेलफोर या किल्लेबंद शहराला शत्रूने वेढा घातला आणि त्या वेढ्यात लेपीन सैनिक म्हणून लढला. या कामगिरीबद्दल त्याला सैनिकी पदकही मिळाले. उपासमार, तोफांचा मारा आणि थंडी यांना तोंड देत महिनोन्‌महिने टिकून राहिलेल्या त्या शहराचा संस्कार त्याच्यावर झाला असला पाहिजे. कारण संकटाच्या जागी स्वतः उपस्थित राहण्याची सवय त्याने आयुष्यभर सोडली नाही.

युद्धानंतर त्याने काही काळ वकिली केली आणि मग तो शासकीय सेवेत शिरला. फ्रान्समध्ये प्रत्येक जिल्ह्यावर शासनाचा प्रतिनिधी म्हणून प्रीफेक्ट नेमला जातो. आपल्याकडच्या जिल्हाधिकाऱ्याशी हे पद पुष्कळसे मिळतेजुळते आहे. लेपीनने या शिडीच्या खालच्या पायरीपासून सुरुवात केली. लहान गावांतून उपप्रीफेक्ट म्हणून काम करीत तो वर चढला. मध्यंतरी पॅरिसच्या पोलीस प्रीफेक्टच्या कचेरीत त्याने सरचिटणीस म्हणून काम केले, तेव्हा या प्रचंड शहराच्या कारभाराची अंतर्बाह्य ओळख त्याला झाली.

१८९३ च्या जुलै महिन्यात पॅरिसच्या लॅटिन क्वार्टर या विद्यार्थ्यांच्या वस्तीत दंगल उसळली. पोलिसांच्या कारवाईत एका कॅफेत बसलेला एक निरपराध तरुण मारला गेला आणि संतापाचा भडका उडाला. रस्त्यांवर अडथळे रचले गेले, गाड्या जाळल्या गेल्या. तत्कालीन पोलीस प्रीफेक्टला पद सोडावे लागले आणि त्याच्या जागी लेपीनची नेमणूक झाली. वय शेहेचाळीस. अंगाने किरकोळ, उंचीने कमी, टोकदार दाढी राखलेला हा माणूस पोलिसांवर लोकांचा मुळीच विश्वास उरला नव्हता अशा वेळी त्या खुर्चीवर बसला.

पॅरिसचा पोलीस प्रीफेक्ट म्हणजे केवळ चोर पकडणारा अधिकारी नव्हे. नेपोलियनच्या काळात, १८०० साली, निर्माण झालेल्या या पदाकडे शहराची सुरक्षितता, आरोग्य, बाजार आणि रस्त्यावरची रहदारी अशी कितीतरी कामे होती. घोडागाड्यांच्या बाबतीत तर प्रीफेक्टच्या कचेरीला फार जुना अनुभव होता. फियाक्र या नावाने ओळखल्या जाणाऱ्या भाड्याच्या घोडागाड्या पॅरिसमध्ये शतकानुशतके धावत होत्या. त्यांना क्रमांक असत, त्यांच्या गाडीवानांची नोंद असे आणि भाड्याचे दरपत्रकही ठरलेले असे. लेपीनला हा वारसा आयता मिळाला. त्याचे वैशिष्ट्य असे की, घोडा नसलेल्या गाडीलाही हाच न्याय लावला पाहिजे, किंबहुना अधिक कठोरपणे लावला पाहिजे, हे त्याने वेळेवर ओळखले.

नेमणुकीला जेमतेम महिना होतो न होतो तोच, १४ ऑगस्ट १८९३ रोजी, त्याने यांत्रिक शक्तीने चालणाऱ्या वाहनांसंबंधी एक आदेश काढला. त्या वेळी फ्रान्समध्ये पेट्रोलवर चालणाऱ्या मोटारी विक्रीला येऊन दोन-तीनच वर्षे झाली होती. मोटारींची पहिली मोठी चाचणी-स्पर्धा, पॅरिस ते रुआं ही, पुढच्या वर्षी व्हायची होती. पुष्कळ लोक या वाहनाकडे श्रीमंतांचे खेळणे म्हणून पाहत होते. अशा वेळी लेपीनच्या आदेशाने सांगितले की, पॅरिसच्या हद्दीत असे वाहन चालवायचे असेल तर वाहनाला प्रीफेक्टची अनुमती हवी आणि चालवणाऱ्याजवळ योग्यतेचे प्रमाणपत्र हवे. शहरात ताशी १२ किलोमीटर आणि वस्तीबाहेर २० किलोमीटर अशी वेगाची मर्यादा घातली गेली. प्रत्येक वाहनावर मालकाचे नाव, पत्ता आणि क्रमांक दर्शविणारी धातूची पट्टी लावणे आवश्यक ठरले. वाहन चालवण्याचा परवाना आणि वाहनाची क्रमांकपट्टी या दोन गोष्टींच्या इतिहासात या आदेशाचे स्थान अगदी आरंभीचे आहे.

प्रमाणपत्रासाठी परीक्षा होती आणि ती घेत खाण खात्याचे अभियंते. मोटारीशी खाणीचा काय संबंध, असा प्रश्न वाचकांना पडेल. वाफेच्या बाष्पकांची तपासणी फ्रान्समध्ये याच खात्याकडे होती आणि सुरुवातीच्या कित्येक मोटारी वाफेवर चालत. बाष्पक फुटला तर चालक, प्रवासी आणि शेजारून जाणारा पादचारी अशा सर्वांच्याच जिवावर बेतायचे. आपल्याकडे रूढ झालेला शोफर हा शब्दसुद्धा मुळात बाष्पकाखाली आग पेटती ठेवणाऱ्या माणसासाठी होता. गाडी सुरू करणे, वळवणे, थांबवणे आणि वाटेत काही बिघडले तर ते दुरुस्त करणे, एवढे उमेदवाराला करून दाखवावे लागे. घोडा निदान स्वतःच्या जिवाला जपतो. समोर भिंत आली तर थांबतो. यंत्राला ती बुद्धी नसते, म्हणून ती माणसाजवळ आहे की नाही हे आधी पाहून घेतले पाहिजे, हा या परीक्षेमागचा साधा विचार होता.

या नियमापुढे मोठ्या घरच्या मंडळींनाही सवलत नव्हती. उझेसची डचेस ही फ्रान्समधील एका प्राचीन सरदार घराण्यातील विधवा स्त्री. १८९८ मध्ये तिने रीतसर परीक्षा देऊन प्रमाणपत्र मिळवले. त्याच वर्षी बुआ द बुलॉन्य या उद्यानातून जाताना तिने ताशी १२ ऐवजी १५ किलोमीटर वेगाने गाडी चालवली आणि तिला दंड झाला. तीन किलोमीटरच्या अतिरेकासाठी एका डचेसला कायद्यापुढे उभे राहावे लागले! त्या वेळी लेपीन स्वतः पॅरिसमध्ये नव्हता. नियम मात्र त्याचाच होता. नियम करणारा जवळ नसतानाही नियम चालतो, तेव्हाच तो खऱ्या अर्थाने रुजला असे म्हणता येते.

लेपीन तेव्हा अल्जीरियात होता. १८९७ मध्ये त्याला या फ्रेंच वसाहतीचा गव्हर्नर जनरल नेमण्यात आले. तेथे ज्यूविरोधी दंगलींनी वातावरण पेटले होते आणि या नव्या गव्हर्नरला त्यात यश लाभले नाही. वर्षभरातच त्याला परत बोलावण्यात आले. अपयशाचा हा शिक्का घेऊन परतलेल्या लेपीनकडे १८९९ मध्ये पॅरिसचे पोलीस प्रीफेक्टपद पुन्हा सोपवण्यात आले आणि मग तो सलग १९१३ पर्यंत त्या पदावर राहिला. दरम्यान त्याच्या पॅरिसपुरत्या नियमांचे तत्त्व देशभर पसरले होते. १० मार्च १८९९ च्या राष्ट्रीय हुकुमाने सबंध फ्रान्समध्ये चालकाला योग्यतेचे प्रमाणपत्र सक्तीचे केले आणि वेगाची मर्यादा वस्तीत ताशी २० व बाहेर ३० किलोमीटर ठरवली. तुलनेसाठी सांगायचे तर, इंग्लंडमध्ये १९०३ च्या कायद्याने परवाना आला, पण पाच शिलिंग भरले की तो मिळे. परीक्षेची सक्ती तेथे १९३५ पर्यंत नव्हती. हिंदुस्थानात मोटार वाहनांसाठी देशव्यापी कायदा झाला तो १९१४ साली.

दुसऱ्या कारकिर्दीतला लेपीन हा पॅरिसच्या रस्त्यांचाच माणूस झाला. मोर्चा असो, आग असो वा पूर, तो कचेरीत बसून अहवालाची वाट पाहत नसे. डोक्यावर हॅट, हातात काठी घेतलेली त्याची लहानखुरी मूर्ती गर्दीच्या अगदी पुढे दिसे. रस्त्याचा प्रीफेक्ट हे नाव त्याला यातूनच पडले. १९१० च्या जानेवारीत सेन नदीला महापूर आला आणि शहराचा मोठा भाग पाण्यात गेला, तेव्हाही मदतकार्याच्या अग्रभागी तो होता.

रहदारीच्या नियमनासाठी त्याने चौकातल्या पोलिसाच्या हाती पांढरा दंडुका दिला. तो दंडुका मारण्यासाठी नव्हता. दुरून दिसावा आणि त्याचा अर्थ एका क्षणात कळावा, यासाठी होता. तो वर झाला की गाडी थांबली पाहिजे, मग आत मंत्री असो की भाजीवाला. सायकलवरून गस्त घालणारे पोलीस त्याने १९०१ मध्ये रस्त्यावर आणले. झपाट्याने येणाऱ्या या शिपायांना पॅरिसकर कौतुकाने पाकोळ्या म्हणू लागले. १९०९ मध्ये शहरातील काही रस्त्यांवर एकेरी वाहतूक सुरू झाली. मोटारींची संख्या वाढत होती, पण घोडे अद्याप गेले नव्हते. ट्राम, बस, फियाक्र, मालवाहू गाड्या, सायकली आणि पादचारी अशी सारी सरमिसळ एकाच रस्त्यावर होती. रेडियमचा संशोधक पिएर क्यूरी १९ एप्रिल १९०६ रोजी रस्ता ओलांडताना मरण पावला, तो मोटारीखाली नव्हे, तर घोडे जुंपलेल्या एका जड मालगाडीच्या चाकाखाली. धोका केवळ यंत्रात नव्हता. पूर्वीच्या मंद गतीसाठी घडलेले रस्ते आणि सवयी आता अपुऱ्या पडत होत्या.

मराठी वाचकांना या पॅरिसची आणखी एक ओळख आहे. याच वर्षांत मादाम कामा तेथे राहत होत्या, श्यामजी कृष्ण वर्मा लंडन सोडून तेथे आले होते, सेनापती बापट बॉम्बची विद्या शिकण्यासाठी तेथे गेले होते आणि १९१० च्या आरंभी सावरकरही काही आठवडे तेथे होते. आपल्या क्रांतिकारकांनी पाहिलेल्या त्या शहराच्या चौकाचौकांत उभा होता तो लेपीनचा पांढऱ्या दंडुक्याचा पोलीस.

भाड्याच्या गाडीचा प्रश्न मात्र दंडुक्याने सुटणारा नव्हता. फियाक्रचे भाडे एका फेरीला किंवा तासाला अशा हिशेबाने घेतले जाई. जवळची फेरी आणि लांबची फेरी यांचे मोल एकच कसे, थांबलेल्या वेळाचे काय, रस्ता मुद्दाम लांबचा घेतला नाही कशावरून, आणि वर बक्षिशी किती, यावरून प्रवासी व गाडीवान यांच्यात नित्य खडाजंगी होई. पोलिसांकडे तक्रारी जात, पण दोघांपैकी खरे कोण, हे ठरवायला साक्षीदार नसे.

तो साक्षीदार जर्मनीतून आला. फ्रीड्रिश विल्हेल्म ब्रून या जर्मन संशोधकाने १८९१ च्या सुमारास टॅक्सामीटर नावाचे यंत्र सिद्ध केले. त्याची युक्ती सुबोध होती. गाडीच्या चाकाच्या फेऱ्यांची गती एका दांड्याने किंवा तारेने यंत्रापर्यंत पोचे आणि आकडे पुढे सरकत. गाडी थांबली किंवा फारच मंद झाली की आतले घड्याळ ते काम हाती घेई. त्यामुळे अंतर आणि वेळ या दोहोंचा हिशेब एकाच तबकडीवर उमटत असे. यंत्राला एक छोटे निशाण असे. ते उभे असले की गाडी मोकळी. प्रवासी बसला की चालकाने ते खाली पाडायचे आणि मोजणी सुरू व्हायची. मुंबईत मीटर डाऊन करणे हा वाक्प्रयोग रूढ झाला तो याच निशाणामुळे. फ्रान्समध्ये हे यंत्र आले तेव्हा त्याच्या नावावरूनही चर्चा झाली. थिओडोर रेनाक या ग्रीक विद्येच्या पंडिताने ग्रीक व्युत्पत्तीला धरून टॅक्सीमीटर हे रूप सुचवले, ते रूढ झाले आणि त्याचाच आखूड तुकडा टॅक्सी म्हणून जगभर गेला.

मीटर लेपीनने शोधला नाही. पण पॅरिसमध्ये तो सर्रास झाला तो त्याच्याच कारकिर्दीत. १९०५ मध्ये रेनोच्या एकसारख्या लहान गाड्या विकत घेऊन टॅक्सी चालवणारी मोठी कंपनी उभी राहिली आणि पाहता पाहता लाल रंगाच्या या गाड्या पॅरिसची ओळख बनल्या. चालकाची परीक्षा, गाडीचा क्रमांक आणि भाड्याचा आकडा या तिन्ही गोष्टी प्रथमच एकत्र आल्या. त्यामुळे ज्याचे नाव-गाव आपल्याला ठाऊक नाही अशा माणसाच्या गाडीत बसून रात्री-अपरात्री शहरभर फिरणे सामान्य नागरिकाला शक्य झाले. गोव्यात रस्त्याकडेच्या मोटारसायकल पायलटच्या मागे आपण निःशंकपणे बसतो, तेव्हा आपला विश्वास त्या व्यक्तीवर असतो त्याहून अधिक त्या गाडीच्या रंगावर आणि त्यामागच्या परवान्यावर असतो. अनोळखी माणसांमधला हा विश्वास शासनाने हमी दिल्याशिवाय उभा राहत नाही, हे लेपीनने ओळखले होते.

१९०७ मध्ये पॅरिसकरांना आणखी एक नवल पाहावयास मिळाले. काही स्त्रियांनी प्रीफेक्टच्या कचेरीत परीक्षा देऊन फियाक्र चालवण्याचा परवाना मिळवला. डोक्यावर गाडीवानाची चकचकीत टोपी आणि हाती लगाम घेतलेल्या या स्त्रियांची चित्रे असलेली पोस्टकार्डे दुकानांतून विकली जाऊ लागली. पुरुष गाडीवानांनी कुरकुर केली, वृत्तपत्रांनी थट्टा केली. पण परीक्षा उत्तीर्ण झालेल्याला परवाना द्यायचा हे एकदा ठरले की, उमेदवार पुरुष आहे की स्त्री, हा प्रश्न आपोआप गौण होतो. मतदानाचा हक्क फ्रेंच स्त्रियांना मिळायला १९४४ साल उजाडले. गाडी हाकण्याचा परवाना मात्र त्यांना सदतीस वर्षे आधी मिळाला.

मीटरची दुसरी बाजू मात्र चालकांना लवकरच उमगली. पूर्वी घोडागाडीचा गाडीवान मालकाला दिवसाची ठरीव रक्कम देई आणि उरलेली कमाई त्याची असे. ती किती, हे मालकाला कधीच नेमके कळत नसे. मीटर आल्यावर प्रत्येक फेरीचा पैसा-पैसा नोंदला जाऊ लागला आणि चालक टक्केवारीवर काम करणारा नोकर बनला. प्रवाशाला फसवणुकीपासून वाचवणारे यंत्र मालकाचा पहारेकरीही झाले होते. शिवाय मीटर अंतर मोजत होता, वेळ मोजत होता. चालकाचा खर्च मोजत नव्हता. इंधन महागले तरी आकडे त्याच दराने सरकत.

१९११ च्या अखेरीस हा असंतोष उफाळून आला. इंधनाच्या वाढलेल्या खर्चाचा बोजा कंपन्यांनी चालकांवर टाकला आणि नोव्हेंबरमध्ये पॅरिसच्या टॅक्सीचालकांनी संप पुकारला. कडाक्याच्या हिवाळ्यात सुरू झालेला हा संप १९१२ च्या एप्रिलपर्यंत चालला. कंपन्यांनी बाहेरून, विशेषतः कॉर्सिका बेटावरून, चालक आणून गाड्या रस्त्यावर काढल्या. संपकरी आणि हे नवे चालक यांच्यात चकमकी झाल्या, गाड्या उलथल्या, रक्त सांडले. लेपीनच्या पोलिसांनी रस्ता मोकळा ठेवला. पण मोकळा ठेवणे याचा अर्थ कंपन्यांच्या गाड्यांना संरक्षण देणे असाच होत होता. अखेर चालकांना हार मानून कामावर परतावे लागले. लुई आरागों या लेखकाने पुढे आपल्या एका कादंबरीत या संपाचे चित्रण केले.

लेपीनच्या कारकिर्दीतला हा भाग त्याच्या चाहत्यांना फारसा आठवत नाही, पण तो वगळून त्याचे चरित्र पूर्ण होणार नाही. १ मे १९०६ रोजी कामगारांच्या निदर्शनांना आवर घालण्यासाठी त्याने शहरात मोठा बंदोबस्त ठेवला आणि शेकडो लोकांना अटक झाली. कामगारांच्या नजरेत तो सत्ताधाऱ्यांचा माणूस होता. त्याच्या मनात शिस्त आणि न्याय या दोन गोष्टी बहुधा एकच होत्या. रस्त्यावर त्या पुष्कळदा एक असतातही. डचेसला झालेला दंड याचे उदाहरण. पण चालकाच्या पोटाचा प्रश्न आला की शिस्त पुरी पडत नाही. दर योग्य आहे की नाही, हे मीटर सांगू शकत नाही. ते माणसांनाच एकत्र बसून ठरवावे लागते, आणि पॅरिसमध्ये त्या हिवाळ्यात तसे कोणी बसले नाही.

त्याच हिवाळ्यात मोटारीने लेपीनला दुसराही धडा दिला. २१ डिसेंबर १९११ रोजी पॅरिसच्या ऑर्दनर रस्त्यावर एका टोळीने बँकेच्या माणसावर गोळ्या झाडल्या, रोकड लुटली आणि ती चोरलेल्या मोटारीतून भरधाव निघून गेली. गुन्हेगारांनी मोटारीचा असा वापर करावा ही गोष्ट नवी होती. त्यांच्यामागे लागायला पोलिसांकडे होत्या प्रामुख्याने सायकली आणि घोडे. टोळीतला प्रमुख म्हणून ज्याचे नाव गाजले तो झ्यूल बोनो स्वतः मोटारींचा कारागीर आणि चालक होता. ज्या कौशल्याची परीक्षा घेण्याचा पायंडा लेपीनने पाडला, तेच कौशल्य आता कायद्याविरुद्ध वापरले जात होते. २८ एप्रिल १९१२ रोजी पॅरिसजवळच्या श्वाझी-ल-र्वा येथील एका गॅरेजमध्ये बोनो घेरला गेला. पासष्ट वर्षांचा लेपीन तेथे जातीने हजर होता. हजारो बघ्यांच्या गर्दीसमोर काही तास गोळीबार चालला, इमारतीचा भाग सुरुंगाने उडवून देण्यात आला आणि बोनोचा शेवट झाला. परवाना माणसाचे कसब सिद्ध करतो, त्याची सचोटी नव्हे.

असा हा कठोर प्रशासक लहान कारागिरांचा मात्र कैवारी होता. परदेशी, विशेषतः जर्मन, मालाच्या स्पर्धेने पॅरिसचे खेळणी आणि किरकोळ वस्तू बनवणारे कारागीर डबघाईला आले होते. त्यांच्या कल्पकतेला वाव मिळावा म्हणून लेपीनने १९०१ मध्ये त्यांच्या नव्या वस्तूंचे प्रदर्शन व स्पर्धा सुरू केली. त्याच्या नावाने ओळखली जाणारी ही शोधकांची स्पर्धा आजही पॅरिसमध्ये भरते. फ्रान्समध्ये सामान्य माणसाला लेपीनचे नाव ठाऊक असते ते पोलीसप्रमुख म्हणून कमी आणि या स्पर्धेमुळे अधिक.

१९१३ मध्ये लेपीन निवृत्त झाला. पुढच्याच वर्षी महायुद्ध सुरू झाले आणि सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात जर्मन सैन्य पॅरिसच्या उंबरठ्याशी आले. आघाडीवर तातडीने कुमक धाडण्यासाठी जनरल गालिएनीने शहरातल्या टॅक्सी ताब्यात घेतल्या. सुमारे सहाशे गाड्या रात्रीच्या अंधारात सैनिकांना घेऊन मार्न नदीच्या दिशेने निघाल्या. त्यांनी वाहिलेले सैन्य एकूण लढाईच्या मानाने थोडे होते. पण फ्रेंच मनात ही रात्र अजरामर झाली. दोनच वर्षांपूर्वी हरून कामावर परतलेल्या चालकांच्याच बिरादरीची ही माणसे होती. आणि वैशिष्ट्य असे की, गाड्यांचे मीटर चालू होते. युद्ध असो की शांतता, झालेल्या श्रमाची नोंद झाली आणि मीटरवरच्या आकड्यांप्रमाणे हिशेब करून सरकारने भाडे चुकते केले. एरवी चालकाला जाचक वाटणाऱ्या यंत्राने त्या रात्री त्याच्या हक्काची साक्ष दिली.

लेपीनने १९२९ मध्ये आपल्या आठवणी प्रसिद्ध केल्या आणि ९ नोव्हेंबर १९३३ रोजी, वयाच्या ८७ व्या वर्षी, पॅरिसमध्ये त्याचे निधन झाले. तोपर्यंत घोडागाड्या जवळजवळ नाहीशा झाल्या होत्या आणि चालकाचा परवाना जगातल्या कितीतरी देशांत रूढ झाला होता. पॅरिसच्या मध्यभागी, सेन नदीतल्या बेटावर, पोलीस प्रीफेक्टच्या कचेरीसमोरच्या चौकाला आज लुई लेपीनचे नाव आहे. तेथे फुलांचा बाजार भरतो.

भाड्यावरून आजही आपल्याकडे वाद होतात, तेव्हा एक पक्ष मीटरकडे सर्व प्रश्नांचे उत्तर म्हणून पाहतो आणि दुसरा त्याच्याकडे शत्रू म्हणून. लेपीनच्या पॅरिसने या दोन्ही समजुतींचा अनुभव घेतला. नियमाशिवाय रस्ता बळवंताचा होतो, म्हणून नियम हवा. आणि नियमाने बांधलेल्या माणसाच्या चरितार्थाचा विचार झाला नाही, तर तोच माणूस एक दिवस रस्ता अडवून उभा राहतो. यातली पहिली गोष्ट लेपीनने जगाला शिकवली. दुसरी त्याला स्वतःला १९११ च्या हिवाळ्यात पॅरिसच्या टॅक्सीचालकांनी शिकवू पाहिली होती.